तिसऱ्याचा ठोका

“कोनाची गाडी हाय?” त्याच्या बायकोनं, भामानं, आतूनच विचारलं, आणि काशिराम मिस्त्रीचा हात स्टॉपच्या दट्ट्यावर तसाच राहिला. डिझेलचं एंजिन नुसत्या चावीनं बंद होत नाही. दट्ट्या ओढून त्याचं तेल तोडावं लागतं, तेव्हा ते गप्प होतं. ओढायचं त्याला सुचलंच नाही, आणि एंजिन दारात चालतच राहिलं. चालत होतं तेही किती देखणं! बॉनेटवर काठोकाठ भरलेली वाटी ठेवली असती तरी थेंब सांडला नसता. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच्या सगळ्या संध्याकाळी त्यानं ह्या एंजिनात घातल्या होत्या, आणि आज गाढी नदीच्या पुलावरून गाडी खाली उतरवताना त्याच्या मनात एकच चित्र होतं : भामा ओट्यावर येईल, पदर तोंडाला लावील, रडेल. रडेना का बापडी. पोरगा, जगन, गेला त्या दिवशी ती रडली होती, पण ते चार बायांमधलं रडणं. नंतर तिनं जे तोंड मिटलं ते मिटलंच. गाडी बघून तिला रडू आलं तर तो म्हणणार होता, बघ, आपली गाडी पुन्हा उभी राहिली. त्याच्या पुढचं वाक्य त्याला सुचलेलं नव्हतं. आणि ही विचारते, कोनाची गाडी हाय. कुणी वाट चुकलेला मुंबईवाला पत्ता विचारायला दारात थांबला असावा, तशी.

“आपलीच,” तो म्हणाला. एंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाला, “आपलीच हाय. जगनची.”

आत तांदूळ पाखडण्याचा आवाज थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला. “बरी झाली,” भामा म्हणाली. शेजारणीनं नवं लुगडं दाखवलं की म्हणतात तसं.

मग त्यानं दट्ट्या ओढला. एंजिन एका दमात थांबलं. पूर्वी ते असं थांबत नसे. दोनचार धापा टाकायचं, आत काहीतरी धडपडायचं, गाडीचं सगळं अंग हलायचं आणि मग निवायचं. काशिराम स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. त्याला राग आला. रागाच्या खाली भीती होती, पण ती त्यानं अजून वर येऊ दिली नव्हती. गल्लीच्या टोकाला कुणाच्या तरी चुलीचा धूर निघत होता. आपल्या घरातून निघत नव्हता, हे त्यानं बघायचं टाळलं. भाद्रपदापासून ह्या घरात संध्याकाळची चूल पेटलेली नव्हती. भामा सकाळी एकदाच भात रांधायची, दुपारी तोच, रात्री तोच, त्यावर थंडगार कालवण. काशिराम जेवायचा आणि उठायचा. तो तक्रार करीत नव्हता, तोंडच नव्हतं. पण उलव्याच्या मिठागरावरच्या त्याच्या आईनंही, बाप गेला तेव्हा, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चूल पेटवली होती. घर म्हणजे काय असतं शेवटी? दिवेलागणीला धूर निघतो ते घर. हे एंजिन बांधलं, गाडी पुन्हा रस्त्यावर आली, संध्याकाळी दारात उभी राहिली, की ही चूल पेटेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. का घेतलं होतं हे त्याला सांगता आलं नसतं. त्याला दुसरं काही दुरुस्त करता येत नव्हतं, एवढं मात्र खरं.

गाडी होती लढाईच्या आधीची, लांब नाकाची, परदेशी. कुण्या साहेबानं विकली, मग कुण्या शेटजीनं विकली, आणि मधल्या कुणीतरी तिचं पेट्रोलचं एंजिन काढून डिझेलचं बसवलं. तेव्हापासून ती दिसायची मडमेसारखी आणि बोलायची हमालासारखी. जगननं ती विकत आणून पनवेल ते तळोजा अशी भाडी मारायला सुरुवात केली तेव्हा त्याला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. पुढे चौघं, मागे सहा, टपावर मासळीच्या पाट्या. काशिरामनं ती पहिल्यांदा ऐकली तेव्हाच कपाळाला हात लावला होता. “पोरा, तिसरा ठोकतोय,” तो म्हणाला होता. चार सिलिंडरमधल्या तिसऱ्याचा दांडा फिरत्या क्रँकवर जिथे बसतो तिथलं बेरिंग सैल झालं होतं. सैल झालं की दांडा फिरताना आपटतो, आणि बाहेर टक, टक असा ठोका ऐकू येतो; लोहाराचा पोरगा दुपारी झोपेत हातोडा मारतो तसा, मधे थांबत थांबत. लंब्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक एंजिनाला आणि मूठ कानाला लावून काशिराम कुठल्याही गाडीचं दुखणं सांगायचा. पनवेलच्या ठाणा नाक्यावरच्या गॅरेजात लोक त्याच्याकडे एकच तक्रार घेऊन यायचे, मिस्त्री, आवाज येतोय. आणि तो आवाज काढून टाकायचा. लढाईच्या काळात लष्करी लॉऱ्यांवर शिकला तेव्हापासून त्यानं जन्मभर हेच केलं होतं. आणि त्याच्या स्वतःच्या पोराची गाडी मात्र ठोकत ठोकत पनवेलभर फिरायची. लोक हसायचे. सोनाराच्या बायकोच्या कानात काडी, म्हणायचे.

किती वेळा सांगितलं त्याला! “पावसाच्या आधी सोड चार दिवस माझ्याकडं. बांधून टाकतो.” जगन हो म्हणायचा आणि सोडायचा नाही. एकदा पानाची पिचकारी टाकून म्हणाला, “बोलू द्या की बाबा तिला. मुकी गाडी चालवाया कटाळा येतो.” वर त्याची ती चालवायची तऱ्हा. भरलेली गाडी टॉप गिअरमध्येच पुलाच्या चढावर घालायची, एंजिन कुंथायला लागलं की पाय दाबायचा आणि मधोमध एकदम उचलायचा. पाय उचलला की दांडा मोकळा होऊन आपटणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पुलावर गाडी हमखास तीनचारदा ठोकायची, मग उतारावर गप्प. आणि गल्लीच्या तोंडाशीच हा बहाद्दर दट्ट्या ओढून एंजिन मारायचा आणि गाडी तशीच घरंगळत, आवाज न करता दारापर्यंत आणायचा. “तेल वाचतं,” म्हणे. काशिराम चिडून म्हणायचा, थेंबभर तेल वाचवतोस आणि बेरिंग खातोस, अक्कल गहाण टाकलीयस काय? जगन हसायचा. हसताना त्याचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसायचा. तो दात काशिरामला आता सारखा दिसत होता. गाडीच्या काचेत, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात, कुठेही.

त्याच सीटवर, ह्याच स्टिअरिंगवर हात ठेवून काशिराम ठाण्याहून परत आला होता. जगनला कावीळ झाली होती. गावठी औषध झालं, दंडावर मंतरलेला दोरा झाला, आणि डोळे हळदीसारखे झाल्यावर शेवटी गाडीत मागच्या सीटवर आडवा घालून ठाण्याच्या इस्पितळात नेला. जाताना गाडी काशिराम चालवत होता. पुलावर मागून जगनचा आवाज आला, “बाबा, तिसरा बोलतोय.” एवढंच. तो हसत होता की काय हे काशिरामला आरशात दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जगन गेला. इस्पितळातले सोपस्कार व्हायला वेळ लागणार होता. भाऊबंद म्हणाले, आम्ही त्याला मागनं लॉरीतून आणतो, तू पुढं हो, घरी सांग. काशिराम पुढे झाला. रस्ता कसा संपला हे त्याला आठवत नव्हतं. पुलावर त्याचा पाय थरथरत होता आणि ॲक्सिलरेटरवरून दोनतीनदा निसटला एवढं आठवत होतं. गल्लीच्या तोंडाशी एंजिन आपसूकच बंद पडलं आणि गाडी घरंगळत दाराशी आली. दिवेलागण होत होती. भामा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं आधी ड्रायव्हरच्या जागी पाहिलं, मग मागची सीट पाहिली. “त्याला कुटं ठेवलाव?” तिनं विचारलं. सांगायचं म्हणून वाटेत जुळवलेलं सगळं काशिराम विसरला. “आणतायत,” तो म्हणाला. पुढचं सगळं गल्लीनं केलं. आणि त्या रडारडीत कितीतरी वेळ घरातून भाकरी करपल्याचा वास येत होता. शेवटी शेजारच्या वेणूनं आत जाऊन तवा उतरवला. तो वास तेवढा त्याच्या लक्षात राहिला. नाहीतर त्या दिवसातलं काय लक्षात ठेवायचं?

गाडी मग गॅरेजच्या मागे, चिंचेखाली पडून राहिली. दिवाळीत कुणीतरी विकत मागायला आलं. ते सौदा करीत होते, आणि काशिराम बॉनेटवर पडलेली चिंचेची पानं हातानं झाडत होता, आणि झाडता झाडता त्याच्या लक्षात आलं की आपण ही विकणार नाही. त्याच संध्याकाळी त्यानं एंजिन खाली उतरवलं. बरोबर काम करणारा दयाराम म्हणाला, “मिस्त्री, थोडं टाकून द्या बाजूला. घाई काय?” पण काशिरामला थांबवत नव्हतं. त्यानं एंजिन शेवटच्या नटापर्यंत उघडलं, रॉकेलमध्ये धुतलं, ओळीनं मांडलं. कुर्ल्याला नेऊन क्रँक घासून आणला. सिलिंडरमध्ये पूर्वीपेक्षा जाड भिंतीच्या स्लीव्ह घातल्या. दांड्यांचे बोल्ट लॉरीचे घातले, दुप्पट जोराचे. गरम होऊन हेड वाकू नये म्हणून पंखा मोठा बसवला, नोझल उगाळून उगाळून अशी केली की तेलाचं धुकं उडावं. पोरगं असं कावीळ होऊन चार दिवसांत हातचं जातं आणि लोखंड मात्र हवं तेवढं भक्कम करता येतं, ह्याचा त्याला संताप यायचा, आणि त्या संतापात तो आणखी भक्कम करायचा. रात्र पडली की दयाराम कंदील विझवायचा म्हणून तो घरी जायचा. घरी थंड भात असायचा. भामा भिंतीकडे तोंड करून निजलेली असायची. ती जागी असते हे त्याला श्वासावरून कळायचं. एंजिनाचा श्वास ओळखणाऱ्याला एवढं कळणारच. पण जागी असलेल्या बाईशी काय बोलायचं हे त्याला लष्करी लॉऱ्यांवर कुणी शिकवलं नव्हतं. एकदा अंधारात तो म्हणाला, “पिस्टन नवे आनले.” ती म्हणाली, “हं.”

आणि आज हे असं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर दात घासत बसला होता तेव्हा वेणू पाण्याची कळशी घेऊन जाता जाता गाडीपाशी थांबली. वेणू म्हणजे तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हे. तिनं गाडीवर हात फिरवला. “काल गाडी कवा आयली ते आमाला कलालाबी नाय, काशिरामदादा,” ती म्हणाली. “सपनातल्यासारी आयली. पयली कशी, पुलावर खोकली की वैनी पीठ मलाया घ्यायची. तिकडं तिसऱ्यांदा ठोकली की तवा चुलीवर. जगन दारात पाय ठेवतो न ठेवतो तवर भाकर फुगलेली. आमची समद्यांची चूल त्याच्याच गाडीच्या ठोक्यावर पेटायची.” मग तिला वाटलं असावं की आपण जास्त बोललो. तिनं आत डोकावून पाहिलं आणि कळशी सावरत निघून गेली.

काशिरामच्या तोंडात राखुंडी तशीच राहिली. म्हणजे गल्लीला माहीत होतं. गल्लीतल्या बायांना, पोरांना, कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं, आणि एका त्याला नव्हतं. तो त्या वेळी गॅरेजात असायचा. तो घरी यायचा तेव्हा जगनचं जेवण झालेलं असायचं, आणि त्याच्या ताटातही गरम भाकरी पडायची, पण ती गरम का आहे असं त्यानं कधी विचारलं नाही. भाकरी गरमच असते, असं तो समजून होता. जगनला माहीत असणार. म्हणून तर तो गाडी सोडत नव्हता. बोलू द्या की बाबा तिला! पुलावरून पोरगं आईला हाक मारत होतं आणि बाप त्याला म्हणत होता, तुझी गाडी आजारी आहे. आणि तो आजार बापानं काढला. बरा केला. इतका बरा केला की घरात बसलेल्या आईला आपल्या पोराची गाडी ओळखू आली नाही. काशिरामला हसू आलं, आणि ते हसू त्याला मुळीच आवडलं नाही. त्यानं घाईघाईनं चूळ भरली.

गॅरेजच्या मागे मोडीचा ढीग होता. भंगारवाला शिमग्यानंतर येतो, म्हणून जुनं सगळं अजून तिथेच होतं. काशिराम उन्हात उकिडवा बसून दोन्ही हातांनी तो ढीग उपसू लागला. जुन्या रिंगा, फुटकी गॅस्केटं, जळलेले व्हॉल्व्ह. तिसऱ्याच्या बेरिंगच्या दोन अर्धवाट्या सापडल्या तेव्हा त्यानं त्या सदऱ्याला पुसल्या. वरच्या अर्धवाटीतला पांढरा धातू एका अंगाला पार झिजून गेला होता आणि खालचं तांबं दिसत होतं. ही झीज बेरिंग नुसतं जुनं झाल्याची नव्हती, एकाच बाजूची होती. पुलाच्या चढावर मधोमध पाय उचलणाऱ्याची. इतकी वर्षं, रोज संध्याकाळी. त्या जागेवर अंगठा ठेवला तर अंगठा बरोबर बसला. जगनचे कपडे भामानं त्याच्या मामाकडे आपट्याला धाडले होते, चपला चितेबरोबर गेल्या होत्या, फोटो काढलेला नव्हता. हे एवढं राहिलं होतं, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं मोडीत टाकलं होतं.

दयाराम आला तेव्हा गाडीखालून मिस्त्रीचे फक्त पाय दिसत होते. खालचं चेंबर उतरवून बाजूला ठेवलं होतं आणि नवंकोरं तेल परातीत काढलेलं होतं. “काय झालं मिस्त्री? कुठे गळतं का?” दयाराम खाली वाकला. त्यानं मिस्त्रीच्या हातातलं बघितलं, बाजूला फडक्यावर ठेवलेलं नवं बेरिंग बघितलं, पुन्हा हातातलं बघितलं. दयाराम पनवेलातलाच, शाळेत गेलेला, शांत माणूस. “अहो, हे जुनं आहे,” तो म्हणाला. “चुकून जुनं घेतलंत.”

“ठावं हाय.”

“क्रँक घासलाय आपण. हे त्याच्यावर कसं बसेल? सैल होईल. ठोकेल.”

“ठोकाया पायजे.”

दयारामनं फडक्यावरचं नवं बेरिंग उचलून त्याच्यापुढे धरलं. “मिस्त्री,” तो म्हणाला, “हे महिनाभरसुद्धा चालणार नाही. दांडा तुटेल आणि ब्लॉक फोडून बाहेर येईल. तुम्हीच मला शिकवलंत हे. सगळं एंजिन जाईल हो. सबंध हिवाळा घातलात तुम्ही त्यात.”

“जाईल तवा जाईल. तू तो चहाचा डबा दे. पत्रा कापायचाय.”

दयारामनं डबा दिला आणि तो समोरच्या हॉटेलात जाऊन बसला. पुढचं त्याला बघवलं नसतं. नुसतं जुनं बेरिंग घातल्यावर एंजिन ठोकलं, पण ते भलतंच. घण घातल्यासारखं, परक्या रागानं. काशिरामनं पुन्हा सगळं उतरवलं, चहाच्या डब्याच्या पत्र्याची चिंधी कापून अर्धवाटीच्या मागे सारली आणि पुन्हा आवळलं. आता ठोकाच गेला. चिंधी घासून पातळ केली. ठोका आला, पण उथळ. जगनचा ठोका खोल होता, एंजिनाच्या पोटातून यायचा. जन्मभर ज्या कानानं आवाज मारले त्याच कानानं तो आता आवाज उभा करीत होता, आणि हात त्याचं ऐकत नव्हते. सैल ठेवायचा नट बोटं आपणहून घट्ट करीत. त्यानं बोटांना शिवी दिली. गाडीखाली उताणा पडून, डोळ्यांत तेल गळत असताना, तो कानात जगनला आठवायचा प्रयत्न करीत होता. जगनचं बोलणं नाही, जगनची गाडी. आणि त्याच्या लक्षात आलं की जगनचं बोलणं त्याला आता नीट आठवत नाही, पण तो टक आठवतो, दोन ठोक्यांमधली जागासुद्धा आठवते. हे कसलं बापपण? पण त्याच्या वाट्याला हेच आलं होतं. दुपार कलली, चिंचेची सावली गाडीवरून सरकून भिंतीवर गेली, आणि कितव्यांदा तरी एंजिन चालू करून त्यानं पाय दाबला आणि उचलला. टक. मग जरा थांबून, टक, टक.  हॉटेलातून दयाराम धावत बाहेर आला आणि रस्त्याच्या पलीकडेच उभा राहिला. तो गाडीकडे बघत नव्हता, गाडीतून कोण उतरतंय तिकडे बघत होता.

मग काशिरामला घाई झाली. हातपाय धुवायलासुद्धा तो थांबला नाही. गाडी घेऊन तो पुलापलीकडे गेला आणि एका बाभळीखाली उभा राहिला. उन्हं उतरेपर्यंत थांबायला हवं होतं. जगन दिवेलागणीला यायचा. खाडीवरून खारा वारा येत होता. दिवा स्टेशनाकडून नवी आगगाडी येऊन गेली. आपण हे फसवाफसवीचं काम करतोय का, असं त्याच्या मनात येऊन गेलं, पण तो विचार त्यानं पुढे चालू दिला नाही. फसवायचं कुणाला? तिलाही ठाऊक आहे की तो नाही, आपल्यालाही ठाऊक आहे. फक्त तिनं तो आवाज ऐकावा, हाताला जुनी सवय आठवावी, पीठ मळायला घ्यावं. एकदा चूल पेटली की उद्या पुन्हा पेटेल. उद्या आपण म्हणू, आता मी येतो ह्या वेळेला, माझ्यासाठी टाक भाकरी. हे म्हणायचं त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं, आणि इतकं सोपं वाक्य हिवाळाभर का सुचलं नाही ह्याचं त्याला नवल वाटलं. दयाराम काही म्हणो, एंजिन महिनाभर टिकेल. महिन्यात बाई माणसात येईल. मग नवं बेरिंग घालू, आस्ते आस्ते ठोका कमी करत जाऊ, तिला कळणारही नाही. असं सगळं त्यानं बाभळीखाली बसून व्यवस्थित जुळवलं. कितीतरी महिन्यांनी त्याला भूक लागली होती.

सूर्य गेला. त्यानं गाडी टॉप गिअरमध्येच चढावर घातली. सगळ्या आयुष्यात त्यानं कुठलीही गाडी अशी चालवली नव्हती, आणि एंजिन कुंथू लागलं तेव्हा त्याचं काळीज तुटत होतं. पुलाच्या मध्यावर त्यानं पाय उचलला. टक. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. टक, टक. खालच्या पाण्यावरून तो आवाज वस्तीकडे गेला. तिसऱ्यांदा पाय उचलताना काशिरामच्या ओठांवर हसू होतं, आणि आपला एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे असा त्याला क्षणभर भास झाला. उतारावर गाडी गप्प झाली. गल्लीच्या तोंडाशी त्यानं दट्ट्या ओढला. एंजिन धापा टाकत, आत धडपडत थांबलं, अगदी पूर्वीसारखं, आणि गाडी घरंगळत निघाली. वेणू आपल्या दारात उभी होती. ती काहीतरी बोलायला गेली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. काशिराम तिच्याकडे बघत नव्हता. तो आपल्या घराच्या कौलांकडे बघत होता. कौलांमधून धूर निघत होता.

धूर निघत होता! दाट, निळसर, नुकत्या पेटलेल्या चुलीचा. गाडी दाराशी थांबली आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज आला, हातावर, झपाझप, घाईच्या हातानं. पीठ भाजल्याचा वास आला. काशिरामच्या डोळ्यांना धारा लागल्या. तो खाली उतरणार होता, पण त्याला वाटलं, हे आणखी थोडं ऐकू दे. आता थापणं थांबलं. आता तिनं भाकरी तव्यावर टाकली असेल. आता ती पाणी फिरवत असेल. आतून भामाचा आवाज आला. भाद्रपदापासून न ऐकलेला, भरलेला, घरातल्या बाईचा आवाज. “आयलास र?”

 ज्याला विचारलं होतं तो काशिराम नव्हता.

भामा पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर आली. तिचे हात पिठानं पांढरे होते. तिनं ड्रायव्हरच्या जागी पाहिलं. मग ती दोन पायऱ्या उतरून खाली आली, गाडीच्या मागच्या काचेला कपाळ टेकवून तिनं आतली सीट नीट पाहिली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि तेव्हा, उशिरा, फार उशिरा, काशिरामला कळलं. हा ठोका ह्या पुलावर शेवटचा वाजला तो जगननं नव्हे, काशिरामच्याच निसटलेल्या पायानं वाजवला होता. त्या दिवशीही ती हाच आवाज ऐकून उठली होती. त्या दिवशी तव्यावर भाकरी का होती हे त्यानं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. अनेक वर्षांच्या संध्याकाळी परत आणायला म्हणून तो सकाळपासून गाडीखाली पडला होता, आणि त्यानं बरोबर ती एकच संध्याकाळ आणून दारात उभी केली होती.

“त्याला कुटं ठेवलाव?” भामानं विचारलं.

आवाज तोच होता. शब्द तेच होते. काशिरामनं तोंड उघडलं. भामा, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं. पण तिच्या डोळ्यांत त्या दिवशी नव्हती एवढी आशा होती, आणि तिच्यापुढे त्याला दुसरा शब्दच सापडेना.

“आणतायत,” तो म्हणाला.

“मंग थांबते,” भामा म्हणाली. तिनं तांब्या जपून पायरीवर ठेवला, पिठाचे हात पदराला पुसले आणि पुलाकडे तोंड करून ओट्यावर बसली. काशिराम गाडीतच बसून राहिला. अंधार पडत गेला. आतून भाकरी करपल्याचा वास येऊ लागला, तरी दोघांपैकी कुणीच उठलं नाही.